म्हणे तासाभराचं तर अंतर आहे

आज सकाळी घरच्या ग्रुपवर डोंबिवलीच्या दादाने विमानाच्या कुठल्यातरी ॲपचा स्क्रीनशॉट टाकला, बेळगाव-मुंबई १ तास १५ मिनिटं, आणि खाली लिहिलंय "आता तरी बारशाला या, तासाभराचं तर अंतर आहे". डोकंच फिरलं माझं.

अरे दादा, तो तास सांबऱ्याच्या विमानतळापासून सुरू होतो. आम्ही जांबोटीच्या पलीकडे राहतो, तिथून बस मिळाली तर बेळगाव, मग अख्खं शहर ओलांडून आणखी दहाएक किलोमीटर सांबरा, तिथं आधी जाऊन बसायचं, आणि एवढं करून मुंबईत उतरलो तरी तुझं डोंबिवली काय रनवेच्या कडेला आहे होय? बॅगा घेऊन संध्याकाळच्या लोकलमध्ये घाटकोपरला चढून दाखव एकदा, मग बोल.

आत्या हॉस्पिटलात होती तेव्हाचं विसरलात वाटतं सगळे. तेव्हाही हेच, "विमानाने ये, लगेच पोचशील". भर जुलै, आमच्याकडे पाऊस कसा असतो ते कणकुंबीवाल्याला विचारा. सांबऱ्यावर ढग इतके खाली की विमान उतरलंच नाही. शेवटी रात्रीची बस, निपाणी कोल्हापूर सातारा पुणे करत.

आणि तो १ तास १५ मिनिटं तरी खरा कुठला. सरळ रेषेत साधारण ४०० किलोमीटर, रस्त्याने ५०० च्या आसपास. पंख्याचं छोटं एटीआर विमान असेल तर ते ताशी ५०० च्या आतबाहेरच जातं, जेट असेल तर लवकर. पण मुंबईचे दोन रनवे एकमेकांना आडवे छेदतात, म्हणजे एका वेळी वापरायला एकच, मग बसा वर गोल गोल फिरत. ॲपला याचं काय.

हो, पेशंटला, ऑफिसच्या कामाला विमान बरंच आहे, नाही कोण म्हणतंय. २०२४ पासून पुण्याहून हुबळीची वंदे भारत पण बेळगाववरून जाते, चांगलंच झालं. पण आमचा भरवसा बसवरच, आणि सीमेवर जरा काही तापलं की कोगनोळीच्या नाक्यावर पहिल्यांदा बसच अडकते. हे मुंबईच्या माणसाला कसं कळणार, त्यांना बेळगाव फक्त भाषणात आठवतं.

जाऊ दे, चिडून काय उपयोग. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा दुपार झालेली, आत्याला नीट बोलताही येत नव्हतं, तरी पहिलं विचारलं, "जेवलास काय रे?" उशीर का झाला म्हणून नाही विचारलं. ती जांबोटीत वाढलेली, तिला रस्ता माहीत होता. तिच्या पोरांना मात्र स्क्रीनशॉट पुरतो.

आणि एक सांगतो, हा तास नेहमी आम्हीच का मोजायचा? विमान तिकडून इकडेपण येतं की. आत्या गेल्यापासून तुमच्यातलं कोण आलंय गावाकडं?

बारशाला येणार आहे मी, काळजी नको, बसचं तिकीट काढलंय. तुम्ही गणपतीला या. सांबऱ्याला गाडी घेऊन उभा राहतो, विमान उतरलं तर.