पुडीवर एक्स्पायरी डेट शोधू नका

तुम्ही नागपूरकर, म्हणजे पारखी असणारच. संत्र्याची फोड चाखल्याशिवाय भाव करत नाही. दिवाळीत खोव्यावर आयोडीनचा थेंब टाकून स्टार्च पकडता. खर्रा घोटून घेतानाही ‘चुना कमी टाक ना बे’ म्हणून टपरीवाल्याला बजावता. (राज्यात गुटखाबंदी २०१२ पासून आहे म्हणतात. टपरीवर कोणी कळवलेलं दिसत नाही.)

हा चोखंदळपणा एमडीची, म्हणजे मेफेड्रोन या नशेच्या भुकटीची, पुडी घ्यायला जाताना तेवढा घरी ठेवा. पावती मागू नका, बॅच नंबर विचारू नका. आत मेफेड्रोन किती आणि बाकीची भुकटी कशाची, हे पुडी देणाऱ्या पोरालाही ठाऊक नसतं. बिचारा तुमच्याइतकाच अडाणी. गेल्या शनिवारचा माल फिका निघाला म्हणून या शनिवारी दुप्पट ओढली आणि नेमका चोख निघाला, तर ग्राहक मंचात दाद मागता येत नाही. दाद मागायला तुम्ही उरायलाही हवं.

सोबतचा मित्र कोसळलाच, तर १०८ ला फोन लावायची घाई नको. आधी एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याचं कलम २७ आठवा: सेवनालाही, पदार्थ पाहून, सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद. तेव्हा तोंडावर पाणी मारा, कांदा हुंगवा. कायदा १९८५ पासून जपलाय, मित्र काय, दुसरे मिळतील.

दारूचं मात्र आपण नासवून ठेवलंय. सावजीसोबतच्या क्वार्टरवर चक्क ४२.८ टक्के छापलेलं असतं, त्यात काय थरार? २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला जी दारू प्यायली गेली, तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. आत मिथेनॉल होतं. शंभरावर माणसं गेली. गंमत म्हणजे मिथेनॉलच्या विषबाधेवर डॉक्टर जे उतारे देतात, त्यातला एक इथेनॉल, म्हणजे चोख दारूच. त्याच वर्षी शेजारच्या चंद्रपुरात दारूबंदी आली. सहा वर्षांनी उठवली.

स्वित्झर्लंडवाले तर १९९४ पासून जुन्या व्यसनींना शुद्ध हेरॉइन मोजून देतात, नर्सच्या डोळ्यांदेखत. शिस्तीचं वेडच त्यांना! आपली संस्कृती वेगळी. गांजाचं बोंड पकडलं की तुरुंग, पानांची भांग मात्र त्याच एनडीपीएस कायद्याच्या व्याख्येबाहेर.

होळीला घरी या, यावर निवांत बोलू. थंडाईतले बदाम मी स्वतः इतवारीतून एकेक पारखून आणतो. भेसळ आपल्याला चालत नाही.