लग्नात वाजलं, खात्यात काहीच नाही

धुळे-जळगावकडे अहिराणी गाण्यांवरून एक वाद कायम चालू असतो. संथ विरहगीतं डीजेवाल्यांनी बिघडवली, की त्यांच्यामुळेच ती गाजली? ब्रिटनमधून पाहताना मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला वाटतो. पडून राहिलेलं गाणं बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच हातून उठतं.

बॅडफिंगर या इथल्या बँडचं ‘विदाउट यू’ १९७० च्या अल्बमात निमूट पडून होतं. पुढच्या वर्षी हॅरी निल्सननं ते घेतलं, पियानो आणि व्हायोलिनं पुढे आणली, ध्रुवपदात आवाज वरच्या पट्टीत मोकळा सोडला. १९७२ मध्ये ते ब्रिटनमध्ये ५ आठवडे आणि अमेरिकेत ४ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. १९९४ मध्ये मरायाह कॅरीच्या आवाजात ते इथे पुन्हा पहिलं आलं. दोन्ही वेळा गीतकार-संगीतकार म्हणून नावं पीट हॅम आणि टॉम इव्हान्स यांचीच. रॉयल्टीच्या वाट्यावरून पुढे बँडमध्ये कडू भांडणं झाली, पण भांडायला निदान कागद होता.

आपल्याकडे कागदच नसतो. त्यात अहिराणी गाण्याचं मोठं व्यासपीठ म्हणजे लग्नाची वरात आणि हळद. भारताच्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२(१)(झेडए) लग्नाची वरात आणि लग्नातले इतर समारंभ यांना सूट देतं. गाणं रात्रभर वाजलं तरी लिहिणाऱ्याला त्यातून रुपयाही येत नाही, आणि यात बेकायदा काही नाही. इथे ब्रिटनमध्ये पब, दुकान, जिम, रेडिओ असे पैशाचे अनेक झरे आहेत. खानदेशात उरतं ते मुख्यतः यूट्यूब. तिथे पैसा नोंद पाहून जातो.

२०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क वारस किंवा कॉपीराइट सोसायटी सोडून कोणाला देताच येत नाही. पण हक्क असून भागत नाही. शब्द कोणाचे, चाल कोणाची, वाटा किती, हे रेकॉर्डिंगआधी लिहून सह्या करा. आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या कॉपीराइट सोसायटीचं सभासद होऊन गाणं तिथे नोंदवा. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे त्याची ओळख पटवणारा क्रमांक घ्या. व्हिडिओखाली नुसतं नाव लिहिल्यानं कंटेंट आयडीत, म्हणजे ऑडिओ जुळवून हक्काचे दावे लावणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेत, काही घडत नाही. तिथे मूळ ऑडिओ ज्याच्या खात्यातून चढला, दावा त्याचा. आणि फुकट मिळालेली ढोलकीची लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तयार तुकडा) त्या ऑडिओत असेल, तर तीच लूप वापरणाऱ्या भलत्याच गाण्यांवर दावे जातात.

रिमिक्सला माझा विरोध नाही. फक्त गायन क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या ठरावीक ठोक्यांवर, रेकॉर्ड करा आणि आवाजाचा ट्रॅक वेगळा जपा. मिनिटाला ६५ ठोक्यांच्या लयीतलं गाणं १३० च्या ठेक्यावर अलगद बसतं. ७८ चं दुप्पट १५६ होतं. ते नाचायला फार पळतं, आणि १३० पर्यंत खाली ओढलं की आवाज बिघडतो. क्लिक नसेल तर लय हलत राहते, डीजेचा ठेका दुसऱ्या कडव्यापर्यंत सुटतो आणि डीजे सरळ दुसऱ्याकडून गाऊन घेतो. मूळ गायक तिथेच गळतो.

चाल कानबाईच्या, म्हणजे खानदेशातल्या देवीच्या, पारंपरिक गाण्यातून घेतली असेल तर ती स्वतःच्या नावावर चढवू नका. शब्द आणि वाद्यरचना तुमची, तेवढीच नोंदवा. नाहीतर शेजारच्या गावानं कानबाईच्या सणात रोटांच्या दिवशी गायलेल्या गाण्याच्या व्हिडिओवर तुमचाच दावा जाऊन पडेल.