अंगण खरंच वाकडं होतं

‘नाचता येईना अंगण वाकडं’ ही म्हण ज्याने काढली, त्याच्या हातात त्या वेळी स्पिरिट लेव्हल नसणार. माझ्या हातात होती. आमच्या बाथरूमची भिंत वरून खाली येईपर्यंत चांगली सेंटिमीटरभर आत येते, हे मी कुणाहीपुढे पुराव्यानिशी सांगायला तयार आहे.

शॉवरपुढे काचेचं पार्टिशन ही कल्पना बायकोची, ते स्वतः बसवायची माझी. काचवाल्याने फिटिंगचे पैसे सांगितले आणि आपल्या घरात ड्रिल मशीन आहे हे मला एकदम आठवलं. दिवाळीच्या सेलमध्ये घेतलेलं, भिंतीवरच्या घड्याळापुरतं वापरलेलं. ‘अहो, काच आहे ती, कॅलेंडर नव्हे,’ एवढंच ती म्हणाली आणि मोबाईलमध्ये कुणाचा तरी नंबर सेव्ह केला. कुणाचा, ते मी विचारलं नाही.

टफन्ड ग्लास ही फार मानी वस्तू. साधी काच ६०० अंशांच्या वर तापवायची आणि हवेच्या झोताने एकदम निववायची, की ती चौपट-पाचपट मजबूत होते. पण एकदा झाली की झाली. मग तिला कापणं नाही, भोक पाडणं नाही. मधोमध बुक्की मारा, ढिम्म हलणार नाही. कोपरा मात्र फरशीला जरा कचकन लागला की अख्खी काच खडीसाखर होऊन जमिनीवर. तेव्हा माप आधीच बिनचूक हवं. मी वर मोजलं, मध्ये मोजलं, खाली मोजलं. तिन्ही मापं वेगळी. हल्ली कुणी बाथरूमची रुंदी विचारली, तर ‘किती उंचीवरची?’ असं मी आधी विचारून घेतो.

शेवटी वरच्या मजल्यावरचे काका ओळंबा घेऊन आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी दोरी सोडली, एक डोळा मिटला, लोलक स्थिर होईपर्यंत श्वाससुद्धा घेतला नाही आणि म्हणाले, ‘हं.’ जन्मभर धरणांवर काम केलेल्या माणसाचा ‘हं’ ऐकून पोटात गोळा येतो. मग खाली वाकून जमीन पाहिली आणि म्हणाले, ‘अरे, उतार आहे की!’ उतार तर हवाच, नाहीतर नहाणी ट्रॅपकडे पाणी जाणार कसं? पण काच पडली चौकोनी. तिचं एक टोक जमिनीला टेकवलं, की दुसऱ्या टोकाखाली झुरळ मान ताठ ठेवून जाईल एवढी फट.

यावर उपाय म्हणजे ॲल्युमिनियमचं यू-चॅनेल, म्हणजे काच बसवायची खाचेची पट्टी, प्लास्टिकच्या पट्ट्यांचं पॅकिंग आणि सिलिकॉन. आधी टाइलला भोकं. टाइलवर टेप चिकटवायची, ड्रिलचा ठोके मारणारा हॅमर मोड बंद ठेवायचा, हळूहळू दाबायचं. टाइलच्या मागे पाण्याचा पाइप कुठून गेलाय हे ज्याला ठाऊक, तो प्लंबर कधीच गावी निघून गेलेला. म्हणून नळाच्या रेषेपासून शक्य तितकं लांब. सोसायटीत दुपारी दोन ते चार ड्रिलला बंदी आहे. हा नियम ज्याने केला त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले, कारण एरवी खाली बसायला कारण काय सांगणार?

८ मिलिमीटरची काच चौरस मीटरला २० किलो भरते. आमची ६ फूट बाय अडीच फूट, म्हणजे २८ किलोच्या आसपास. ती मी आणि वॉचमनने चॅनेलमध्ये उतरवली. बायको बाहेरून ‘सावकाश’ म्हणत होती आणि आई रामरक्षा. सिलिकॉनची रेघ मी साबणाच्या पाण्यात बोट बुडवून ओढली. खाली सुतासारखी आहे, वर जाईपर्यंत करंगळीएवढी होते. त्यात माझा दोष नाही, ती भिंतीची सही आहे. घरभर व्हिनेगरचा वास सुटला आणि चोवीस तास पाणी लावायचं नाही असं मी जाहीर केलं. ‘मग आंघोळ?’ आईने विचारलं. तो मुद्दा ट्यूबवर छापलेला नव्हता.

काच उभी आहे. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात, ते रोज वायपरने काढावे लागतात. एरवी दृष्ट लागावी अशी. फक्त आईला आत कोंडल्यासारखं होतं. ती बादली आणि स्टूल घेऊन काचेच्या अलीकडे, कोरड्या भागात बसते आणि तांब्याने मनसोक्त आंघोळ करते. तिचं बघून मुलंही तिथेच. त्यामुळे कोरडा भाग दिवसभर ओला असतो आणि शॉवरखाली थेंब नसतो. ऐन जुलैत घरातली एवढी कोरडी जागा बायको वाया घालवणार थोडीच? तिने तिथे कपड्यांचा स्टँड मांडलाय. मला शॉवर घ्यायचा असेल तर आदल्या रात्री सांगावं लागतं, म्हणजे मोजे काढून ठेवता येतात.