कोंबडीचं तिकीट

शनिवारच्या पालकसभेत काय झालं ते पारनाक्यावर सगळ्यांना ठाऊक आहे, परत उगाळत नाही. बालवर्गातला भातुकलीचा कोपरा गेला, तिथे टेबलं आली, टेबलांवर गिरवायच्या वह्या आल्या, आणि आमचा सुहास हात वर करून त्याला अनुमोदन देऊन आला. संध्याकाळी तो कट्ट्यावर आला तेव्हा बंडूने बूड हलवून जागासुद्धा दिली नाही.

"नात माझी, फी माझी, मत माझं," सुहास उभ्याउभ्याच म्हणाला.

"मत तुझं, पण भातुकली तिची होती ना?" वनिता म्हणाली.

वनिता आमच्याच वर्गातली. उभी हयात पाड्यावरच्या अंगणवाडीत घालवून निवृत्त झाली. आम्ही तिला बाई म्हणतो. आधी चिडवायला म्हणायचो, आता सवयीने. सुहास बँकेतून निवृत्त झाला आणि त्याला पॉडकास्टचं व्यसन लागलं. बोलताना तो मुद्द्यांना क्रमांक देतो. घरी आज भाजी कुठली, हेही क्रमांकानेच ठरत असावं.

"मुद्दा क्रमांक एक. मोंटेसरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिलं बालगृह, म्हणजे लहान मुलांची शाळा, काढलं. तिथे चांगली चांगली खेळणी ठेवली होती, पोरांनी ढुंकून पाहिलं नाही. त्यांना खरं काम हवं होतं. पाणी ओतायचं, टेबल पुसायचं, बटणं लावायची. लुटुपुटुच्या चुलीवर लुटुपुटुचा भात रांधण्यापेक्षा खरे वाटाणे सोलू देत की!"

यात खोटं काही नव्हतं. कल्पनेच्या खेळाबद्दल मोंटेसरीबाईंचं मत फारसं बरं नव्हतंच.

"मग टेबलांवर वाटाणे ठेवलेत का?" वनिताने विचारलं.

"नाही. वह्या आहेत."

"म्हणजे भातुकलीही गेली आणि मोंटेसरीबाईही गेल्या. राहिलं काय, तर गिरवा."

बंडू जोरात हसला. बंडूची चिकूची वाडी आहे, शिक्षणाशी संबंध एवढाच की त्याने ते वेळेवर सोडलं. पण सुहासला कोणी टाकून बोललं की त्याची दाद ठरलेली.

मग वनिता सुरू झाली. ती सुरू झाली की आम्ही मध्ये पडत नाही. म्हणाली, "गिजुभाईंनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं ते मोंटेसरीबाईंचंच बोट धरून. पण म्हणून त्यांनी गोष्टी आणि नाटकं बाहेर ठेवली का? माणूस मुळात वकील, पोरांना गोष्ट सांगायला बसला की साभिनय सांगायचा. ताराबाई मोडक तिथेच घडल्या. १९४५ ला बोर्डीला आल्या, १९५७ ला कोसबाडला. आपल्याच डहाणू तालुक्यात, सुहास, तुझ्या पॉडकास्टवाल्याला सांग. इथे वारल्यांच्या पाड्यावर कुठून आणायची ती महागडी साधनं? मग खडे, बिया, पानं, शिंपले. पोरं बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडी उचलून त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. सरकारने १९७५ ला उचलली ती मागाहून."

"मुद्दा क्रमांक दोन," सुहास म्हणाला, कारण पहिल्याचं काय झालं ते त्याला कळलं होतं. "नाटक नको असं कोण म्हणतंय? गॅदरिंग आहे की! मागच्या वर्षी आमची चिऊ वांगं झाली होती."

"रडली होती," हेमंत म्हणाला.

"थोडी."

"अरे, ते वांगं स्टेजच्या मधोमध उभं राहून भोकाड पसरून रडत होतं, पाठीमागे रेकॉर्ड चालू होती, आणि तू खाली मोबाईल धरून 'हात हलव, हात हलव' करून ओरडत होतास. माझ्याकडे व्हिडिओ आहे. तूच पाठवलायस."

वनिता म्हणाली, "त्याला नाटक नको म्हणूस, कवायत म्हण. चार वर्षांचं पोर घरी पलंगाखाली वाघ होतं तेव्हा त्याला कोणी बघायला नको असतं. तुम्ही खुर्च्या मांडून बसलात की तो खेळ तुमचा झाला. पोर नुसतं भाड्याच्या कपड्यात."

इथे मला राहवलं नाही. मी म्हटलं, रशियात १९४८ साली एक प्रयोग छापून आला होता. लहान मुलांना नुसतं 'हलू नका, उभे राहा' म्हटलं की ती लगेच चुळबुळ करत, पण 'तू पहारेकरी, पहारा दे' म्हटलं की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ...

"मास्तर आले," बंडू म्हणाला.

"पहारेकरी?" सुहास एकदम ताठ झाला. "पहारेकऱ्याचं मला सांगू नका! या हेमंतला विचारा पहारेकरी किती वेळ उभा राहतो ते."

झालं. विषय जिथे जायला नको तिथेच गेला. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगतो: सातवीच्या गॅदरिंगमध्ये सुहास राजा होता आणि हेमंत भालदार. ऐन दरबारात हेमंतला प्रेक्षकांत आई दिसली, त्याने भाला काखेत मारून तिला हात केला. लोक हसले. राजा रागाने गर्रकन वळला आणि राजाची मिशी अर्धी सुटली. उरलेलं भाषण राजाने मिशी बोटाने दाबून धरून केलं. आजही सुहाससमोर नाटकाचा विषय निघाला की त्याचं बोट आपोआप वरच्या ओठावर जातं. तेव्हाही गेलं होतं.

"आई मुंबईहून आली होती रे," हेमंत म्हणाला. दरवेळी हेच म्हणतो.

"म्हणजे त्या रशियन माणसाचा प्रयोग आपल्या शाळेत फसला," बंडूने निकाल दिला.

"फसला कसा?" वनिता म्हणाली. "याला भालदार व्हायचंच नव्हतं. याला ड्रायव्हर व्हायचं होतं. भालदार शाळेतल्या बाईंनी केला. तिथेच तर सगळं येतं."

सुहासने चहाचा घोट घेतला आणि राखून ठेवलेला पत्ता टाकला. "ठीक आहे. मुद्दा क्रमांक तीन. अमेरिकेत २०१३ साली संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले. लुटुपुटुच्या खेळाने बुद्धी वाढते, कल्पकता वाढते, हे सिद्ध होत नाही. पुरावा कच्चा. बोल."

मला वाटलं आता बाई भडकणार. तो आढावा मलाही माहीत होता. खेळामुळेच फायदा होतो असं ठाम म्हणता येत नाही, फार तर अनेक वाटांपैकी ती एक वाट असेल, असा त्याचा सूर आहे. वनिता शांतपणे म्हणाली, "असेल. मी कुठे म्हणतेय बुद्धी वाढते? ते ब्रोशरवाले म्हणतात. मी पोरं बघितली, तेवढंच सांगते."

आणि तिने बस सांगितली. पाटाच्या रांगा म्हणजे एसटी, पुढे ताटली धरून ड्रायव्हर, आंब्याची पानं म्हणजे तिकिटं, खडे म्हणजे नाणी. पाड्यावरची पोरं. प्रमाण मराठीत प्रश्न विचारला की जमिनीकडे बघणारी. "बस सुटली की तीच पोरं वारलीत अशी भांडायची की बस. आणि गंमत ऐक. चेकर चढला की कंडक्टर लगेच मराठीत, 'साहेब, सगळ्यांना तिकीट दिलंय.' कोणी शिकवलं त्याला, कोणाशी कुठली भाषा बोलायची ते? पाटीवर पाचाच्या पुढे न जाणारा पोरगा दहाच्या नाण्यातून सात कापून तीन खडे परत देत होता. आणि खडा कमी दिला तर प्रवासी सोडत नव्हते."

"तू काय करत होतीस?" मी विचारलं.

"लांब बसायचे. खेळ रंगला असेल तर बाईने तिथे नाक खुपसू नये. पण रोज तेच, बस सुटते, पोचते, सुटते, पोचते, असं झालं की मग मी डोक्यावर पदर घेऊन म्हातारी व्हायचे आणि चढायचे. काखेत उशी. 'माझ्या कोंबडीचं तिकीट किती रं?' एवढं विचारून गप्प बसायचं. पुढचा अर्धा तास बघायला नको. एक म्हणतो फुकट, एक म्हणतो हाफ, एक म्हणतो कोंबडीला डोळे आहेत म्हणजे फुल. शेवटी एक मुलगी म्हणाली, आधी कोंबडीला विचारा ती कुठे उतरणार."

मग थोडं कडवट बोलली. आता पेटीतून बाहुल्या येतात, कठपुतळ्या येतात, २०२३ पासून तर दिल्लीहून जादुई पिटारा नावाची सरकारी खेळण्यांची पेटी निघालीय. पण वस्तू तुटली तर हिशेब कोणी द्यायचा, म्हणून पेटी कपाटात आणि कपाटाला कुलूप. "उशीला हिशेब लागत नव्हता," ती म्हणाली.

"पण काय ठरलं?" हेमंतने विचारलं. हेमंत एसटीत कंडक्टर होता, हे सांगायचं राहिलं.

"कशाचं?"

"कोंबडीचं. फुकट नाही जाणार. टोपलीत असली तर लगेज."

"काखेत होती," वनिता म्हणाली.

"काखेत कशी चालेल? शेजारच्याला चोच मारली तर? उतरवणार मी."

"म्हातारीला उतरवणार?" बंडू उभाच राहिला. "हात लावून बघ म्हातारीला!"

"एक मिनिट, एक मिनिट," सुहास दोघांच्या मध्ये आला. बोट ओठावरून कधी खाली आलं होतं कोण जाणे. "नियम काय आहे? पाच वर्षांच्या आत तिकीट नाही. बरोबर? आता मला सांगा, पाच वर्षांची कोंबडी पाहिलीय का कोणी? त्याच्या आत रस्सा होतो. म्हणजे फुकट."

हेमंतने खिशातून नसलेलं पंचिंग मशीन काढलं. "जन्मदाखला दाखवा."

"अंड्यातून आलीय, दाखला कुठला!"

"मग उतरा."

"मी नाही उतरणार. डेपोत चला, मॅनेजरला भेटतो मी," सुहास म्हणाला, आणि खरंच वनिताच्या शेजारी मांडी ठोकून बसला.