करड्या छटांमधले युद्ध : रॉय क्रेन यांच्या कॉमिक स्ट्रिपविषयी

युद्धावरील जुन्या कॉमिक स्ट्रिपचा विषय निघाला की मिल्टन कॅनिफ यांचे नाव प्रथम घेतले जाते आणि ते रास्तही आहे. त्यांच्या ‘टेरी अँड द पायरेट्स’चे १७ ऑक्टोबर १९४३ चे रविवारचे पान तर अमेरिकी काँग्रेसच्या कामकाजाच्या नोंदीत समाविष्ट झाले. तरीही त्यानंतर काही दिवसांतच, नोव्हेंबर १९४३ मध्ये, सुरू झालेली रॉय क्रेन यांची ‘बझ सॉयर’ ही मालिका चित्रकलेच्या दृष्टीने मला अधिक मोलाची वाटते.

क्रेन तेव्हा नवखे नव्हते. १९२४ पासून ते ‘वॉश टब्ज’ रेखाटत होते आणि त्यातूनच कॅप्टन ईझी हे लोकप्रिय पात्र घडले होते. मात्र त्या मालिकेचे हक्क सिंडिकेटकडे, म्हणजे वर्तमानपत्रांना स्ट्रिप पुरवणाऱ्या संस्थेकडे होते. चाळिशी ओलांडल्यावर ते सारे मागे टाकून त्यांनी किंग फीचर्स या दुसऱ्या सिंडिकेटसाठी, या वेळी मालकी स्वतःकडे राखून, प्रशांत महासागरात लढणाऱ्या एका नौदल वैमानिकाची कथा नव्याने मांडली.

आपल्याकडे भुसावळच्या स्टेशनवर इंद्रजाल कॉमिक्स विकत घेणाऱ्या पिढीला बझ सॉयर ठाऊक आहे, परंतु तो रंगीत पानांतला. क्रेन यांचे खरे काम कळते ते कृष्णधवल दैनिक पट्ट्यांत. ‘फॅन्टाग्राफिक्स’ या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये युद्धकाळातील पट्ट्यांचा खंड काढला, तो मी अलीकडे निवांतपणे पाहिला.

ज्यांनी जळगाव-धुळ्याकडच्या खिळ्यांच्या छापखान्यांत काम केले आहे, त्यांना न्यूजप्रिंटवर हाफटोन ब्लॉकची, म्हणजे बारीक ठिपक्यांतून करड्या छटा दाखवणाऱ्या ठशाची, काय गत होते हे सांगायला नको. नुसत्या रेषांचा लाइन ब्लॉक स्वच्छ उठतो, पण त्यात एक तर काळे, नाही तर पांढरे. क्रेन यांनी यावर क्राफ्टिंट डबलटोन कागदाचा उपाय वापरला. या कागदावर रेषांच्या दोन जाळ्या अदृश्य स्वरूपात आधीच छापलेल्या असतात. एक रसायन कुंचल्याने फिरवले की फिकट छटा उमटते, दुसरे फिरवले की गडद. शाईचा काळा आणि कागदाचा पांढरा धरून चार छटा हाती येतात आणि तरीही सगळे लाइन ब्लॉकवरच छापता येते.

हे साधन इतरांनीही वापरले, पण क्रेन यांनी त्यातून हवा आणि अंतर उभे केले. पुढचे विमान निव्वळ काळे, लाटांच्या पोटात गडद जाळी, ढगांत फिकट छटा आणि फेसाला कोरा कागद, एवढ्यावर समुद्राचा विस्तार जाणवतो. वैशाखात तापीच्या काठावरून सातपुडा जसा धुरकट, सपाट दिसतो, तसे त्यांचे बेटांवरचे डोंगर दिसतात. अशा जागेत माणूस लहान आणि एकटा वाटतो. मला तरी त्यांच्या स्फोटांपेक्षा हे एकटेपणच युद्धाच्या अधिक जवळचे वाटते. (वरणगावच्या काडतुसांच्या कारखान्यावर आमच्या भागातील कितीतरी घरे चालली, पण लढाई आम्ही पाहिली ती वर्तमानपत्रातूनच.)

चेहरे मात्र त्यांनी मुद्दाम साधे ठेवले. बझचा जोडीदार रॉस्को स्वीनी तर जवळजवळ विनोदी चित्रातला आहे. वास्तव पार्श्वभूमीवर असे चेहरे विसंगत वाटतील, असे कुणी म्हणेल. मला उलट त्यामुळेच ही माणसे पुतळे होत नाहीत, असे वाटते.

हा साधेपणा शत्रूच्या वाट्याला येतो तेव्हा मात्र खटकतो. जपानी सैनिकांची चित्रे त्या काळातील अमेरिकी प्रचाराच्या साच्यातून निघाली आहेत आणि ‘काळच तसा होता’ एवढे म्हणून ती नजरेआड करता येत नाहीत. ढगाच्या एका कडेसाठी इतका विचार करणाऱ्या चित्रकाराने माणसाच्या चेहऱ्यासाठी तयार साचा उचलावा, ही त्या कामातील मोठी उणीव आहे, आणि पुनर्मुद्रणात ती चित्रे आहेत तशीच छापली जावीत, असे माझे मत आहे.

ज्यांना हे काम पाहायचे असेल त्यांनी शक्यतो छापील खंडच मिळवावा. मोबाइलच्या पडद्यावर चित्र लहान झाले की त्या बारीक रेषा एकमेकींत मिसळून भलतीच नक्षी दिसू लागते आणि क्रेन यांनी मोजून लावलेल्या दोन छटांतला फरकच नाहीसा होतो.