सूचनांची नोंद घेतली, पुढे काय?

पूल, बाग, रस्ता अशा शहरातल्या कामाचा आराखडा तयार करून, रंगवून, भिंतीवर लावून झाला की लोकांना बोलवायचं आणि म्हणायचं, "आता मोकळेपणाने सांगा." याला लोकसहभाग म्हणायला मी तयार नाही.

अशा बैठका मी बऱ्याच पाहिल्यात. समोर स्टेज, पडद्यावर नकाशा, नकाशात मुंगीएवढी अक्षरं. अर्धा वेळ सादरीकरणातच जातो. मग माइक फिरतो. फिरतो कसला, पहिल्या रांगेतच अडकतो. ज्यांना बोलायची सवय आहे तेच बोलतात, कुणीतरी जुनं भांडण उकरून काढतं, मागच्या रांगेतली बाई दोनदा हात वर करते आणि मग नाद सोडते. शेवटी आभारप्रदर्शन आणि "आपल्या सूचनांची नोंद घेण्यात आली आहे." ती नोंद पुढे कोण वाचतं, देव जाणे. पुढच्या बैठकीला निम्मेच लोक येतात आणि आयोजक म्हणतात, लोकांना काही पडलेलीच नाही. अहो, पडलेली होती म्हणून तर पहिल्यांदा आले होते!

अमेरिकेत शहरविकासाच्या सरकारी योजनांवर काम केलेल्या शेरी आर्नस्टाईन यांनी १९६९ साली लोकसहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. तळाशी लोकांना गुंडाळणं. मधे माहिती देणं, मत विचारणं, चुचकारणं. वर भागीदारी, आणि सगळ्यात वर कारभारच लोकांच्या हाती. या शिडीचा दाखला देऊन प्रत्येक निर्णय वरच्याच पायरीवर झाला पाहिजे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. पुलाने किती वजन पेलायचं हे हात वर करून ठरत नसतं. पण आपण कोणत्या पायरीवर उभे आहोत, हे बोलावणाऱ्याने आधी सांगावं. पूल होणार हे ठरलंय, तो कुठे उतरणार हे ठरायचंय, असं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं तर माणसं त्याच मुद्द्यावर डोकं चालवतात. सगळं खुलं असल्याचा आव आणला की मात्र पुलाच्या गरजेवरच रात्र संपते. वर फसवणूक झाल्याची भावना राहते ती वेगळीच.

दुसरं म्हणजे, बैठकीला कोण आलं यापेक्षा कोण आलं नाही हे मोजा. व्हिएन्नात नव्वदच्या दशकात बागांचा अभ्यास झाला. साधारण नऊ वर्षांनंतर मुली बागेत दिसेनाशा होतात, मुलगे मात्र येत राहतात, असं त्यात दिसलं. मोकळ्या मैदानावर मुलांचे घोळके कब्जा करायचे आणि मुली माघार घ्यायच्या. १९९९ मध्ये दोन बागांची रचना बदलली: पायवाटा केल्या, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली, मोठ्या मैदानाचे छोटे भाग पाडले. मुली परत येऊ लागल्या. आता सांगा, दहा वर्षांची कुठली मुलगी सभागृहात उभी राहून ही हरकत नोंदवणार होती? तिथे कुणीतरी बागेत जाऊन बघावंच लागतं.

सभागृहाबाहेर पडायची एक युक्ती मला फार आवडते. ब्रिटनमध्ये टोनी गिब्सन यांनी सत्तरच्या दशकात ती रुजवली. वस्तीचं पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं, शक्यतो शाळेतल्या मुलांच्या हातून. ते उचलून लोक जिथे असतात तिथे न्यायचं. सोबत छोटी कार्डं: दिवा, बाक, झाड, रस्ता ओलांडायची जागा. ज्याला जे हवं त्याने ते कार्ड जागेवर ठेवायचं. भाषण नाही, माइक नाही, कार्ड कुणाचं हेही कळत नाही, त्यामुळे त्यावरून भांडायला माणूसच सापडत नाही! नंतर त्या कार्डांची वाटणी होते: लगेच, थोड्या काळाने, पुढे कधीतरी. मागच्या रांगेतल्या बाईला इथे हातच वर करावा लागत नाही.

आणि पैसा. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून महापालिकेच्या गुंतवणुकीचे अग्रक्रम नागरिकांच्या सभा ठरवू लागल्या. वस्तीची लोकसंख्या किती, सोयींची तूट किती, लोकांनी पसंती कशाला दिली, यावर वाटपाचं गणित जाहीरपणे मांडलं जाई. गरीब वस्त्यांतले लोक तिथे हिरिरीने यायचे, कारण हात वर केला की गटार खरंच बांधलं जायचं. २००४ मध्ये सोळा वर्षं सत्तेत असलेला पक्ष हरला, नंतरच्या काळात या पद्धतीतली ताकद ओसरत गेली आणि २०१७ मध्ये ती थांबवण्यात आली. सभांना वजन होतं ते मागच्या पैशामुळे. पैसा आटला की उरतात नुसत्या खुर्च्या.

"एवढं सगळं करायला वेळ कुठाय?" हे उत्तर मला पाठ झालंय. मान्य, वेळ लागतो. पण कोर्टातल्या स्थगितीला, अर्धवट पडलेल्या कामाला आणि कुणीच न वापरणाऱ्या भुयारी मार्गालाही लागतोच की! तो हिशोब कुणी मांडत नाही.

सगळं एकदम नसेल जमत तर निदान एवढं करा. आलेल्या प्रत्येक सूचनेपुढे एक ओळ लिहा: घेतली, किंवा नाही घेतली आणि का. बैठकीच्याच ठिकाणी ती यादी लावा. नकार चालतो हो लोकांना, कारण कळलं तर. आणि ही यादी लावायची तारीख पहिल्याच बैठकीत, सगळ्यांसमोर सांगून टाका.