पाठांतराला शिव्या देण्याआधी पेपर कोण काढतो ते बघा

आमच्या शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर दरवर्षी दहावीचा निकाल लागला की एकच भांडण सुरू होतं. २०२५ ला दोनशेवर मुलांना शंभर टक्के पडले, त्यातली अर्ध्याहून जास्त एकट्या लातूर विभागातली, झालं, कुणीतरी लिहिणार की ही सगळी पोपटपंची आहे, घोकंपट्टी आहे, यातून डोकं कुणाचं चालत नाही. आणि मी अमेरिकेत राहते, म्हणून मग हमखास मला टॅग करून, "अमेरिकेत बघा, मुलं समजून शिकतात, पाठबिठ काही करत नाहीत, काय गं, बरोबर ना?" आता याला दोन ओळींत काय उत्तर देणार, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत मुलं पाठ करत नाहीत असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रात्री दहाला माझ्या घरी यावं. मुलगी अकरावीत आहे, शिकागोच्या एका उपनगरातल्या पब्लिक स्कूलमध्ये, आणि शाळेच्या क्विझ बोल टीममध्ये खेळते. (इलिनॉयमध्ये याला स्कॉलास्टिक बोल म्हणतात, आणि शाळांच्या बास्केटबॉल-फुटबॉलच्या राज्य स्पर्धा जी संस्था घेते तीच याचीही घेते, हे मला अजूनही भारी वाटतं.) तर ही बाई रात्री अँकी नावाचं अ‍ॅप उघडून फ्लॅशकार्डं घोकत असते. तुर्की सुलतान, खनिजांची नावं, ऑपेरांचे प्लॉट, बायबलमधले राजे, आफ्रिकेतल्या नद्या. आपल्या वेळी इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायचो ते याच्यापुढे काहीच नाही.

खेळ कसा असतो ते थोडक्यात सांगते. दोन टीम्स, चार-चार मुलं, प्रत्येकाच्या हातात बझर. आधी टॉसअप, म्हणजे कुणीही बझर दाबून एकट्याने उत्तर द्यायचं, बरोबर आलं तर १० पॉइंट आणि बहुतेक स्पर्धांत खूप लवकर दाबलं असेल तर १५, त्याला पॉवर म्हणतात. ज्यांनी टॉसअप घेतला त्यांना तीन भागांचा बोनस, तो मात्र टीमने कुजबुजून ठरवून सांगायचा, एकूण ३०. प्रश्न वाचणारा वाचत असताना मध्येच तोडून उत्तर देता येतं, पण चुकलं तर नेग, उणे ५, शिवाय तुमची अख्खी टीम त्या प्रश्नातून बाद आणि समोरचे निवांत शेवटपर्यंत ऐकून उत्तर देणार.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न. प्रश्न एका ओळीचा नसतो, चांगला पाच-सहा ओळींचा उतरत्या पायऱ्यांचा असतो, सगळ्यात अवघड माहिती आधी आणि शाळकरी पोराला माहीत असलेली सगळ्यात शेवटी. मी शनिवारच्या स्पर्धांना स्कोअरकीपर म्हणून बसते (पालकांना कुठल्या ना कुठल्या कामाला जुंपतातच, आणि टीमने स्वतःचा बझर सेट आणला तर फीमध्ये सूट मिळते, म्हणून आमच्या गाडीच्या डिकीत तो वायरींचा गुंता कायम पडलेला). एका मॅचला मराठ्यांवर टॉसअप आला. माझे कान टवकारले. साधारण असा होता: या सत्तेच्या दोन सरदारांच्या फौजा १८०२ मध्ये हडपसरजवळ एकमेकांशीच लढल्या. १७७९ मध्ये यांनी वडगावला इंग्रजांना नमतं घ्यायला लावलं. मग आसईची लढाई, १८०३, समोर आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. मग पानिपत, १७६१, अब्दाली. आणि शेवटी, १० पॉइंटसाठी सांगा, शिवाजीने उभी केलेली ही सत्ता कुठली.

आमची कन्या पहिल्याच ओळीला दाबायला हवी होती की नाही? मावशी राहते हडपसरला. पण वाचणाऱ्या मास्तरांनी त्याचं "हॅडॅप्सार" असं काहीतरी करून टाकलं, आणि शिवाय ती नंतर म्हणाली तसं, "आई, हडपसर म्हणजे मला मगरपट्टा आठवतो, लढाई कुठे आठवणार." आसईला समोरच्या टीममधल्या एका लाल केसांच्या पोराने बझर दाबला आणि मराठ्यांवर पॉवर घेऊन गेला. वेलिंग्टन वाचता वाचता तो मागे मागे जात भोकरदनपर्यंत पोचला असणार. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, त्या पोराचं कौतुकच वाटलं.

आता चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक आठवा. आपल्यापैकी प्रत्येकाने ते वाचलंय, अफझलखानाचा प्रसंग झोपेत सांगू. पण त्यावर प्रश्न काय यायचे? गाळलेल्या जागा भरा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले. उत्तर एक, मार्क एक, आणि उत्तर धड्याखालच्या स्वाध्यायाच्या बाहेर कधी जाणार नाही याची गॅरंटी. दहावीला तर २१ अपेक्षित होतंच, म्हणजे काय येणार तेही ठरलेलं. मग ज्याने धडा सोडून आणखी दोन पुस्तकं वाचली त्याला फायदा शून्य, उलट वेळ वाया गेला म्हणून घरी बोलणी. क्विझ बोलच्या प्रश्नात नेमकं उलटं होतं. दोघांनाही उत्तर येत असेल तर ज्याला जास्त खोलात माहिती आहे तो आधी दाबतो, आणि ज्याला फक्त शेवटची ओळ माहीत आहे तो शेवटी दाबतो, आणि तोवर कुणी बरोबर उत्तर दिलं नसेल तर त्यालाही १० मिळतात, तो अगदीच कोरडा राहत नाही. पाठ दोघांनीही केलंय बरं का. फरक पेपर काढणाऱ्याने केला.

म्हणून ग्रुपवर जे "पाठांतर की समज" चालतं ना, त्यात मला काही दम वाटत नाही. पोरं कुठेही गेलात तरी पेपर बघून अभ्यास करतात. पेपर उथळ असेल तर हुशार पोरगं सुद्धा उथळच अभ्यास करणार, त्याला काय वेड लागलंय?

तयारी कशी करतात तेही बघण्यासारखं आहे. झालेल्या स्पर्धांचे बरेच प्रश्नसंच, पॅकेट्स म्हणतात त्यांना, नेटवर फुकट आहेत, क्यूबीरीडरसारख्या साइटवर जाऊन कुणीही, अगदी परभणीत बसूनसुद्धा, स्पेस बार दाबून खेळू शकतं. टीममध्ये विषय वाटून घेतात, एक सायन्सवाला, एक इतिहास-भूगोल, एक साहित्य, आणि आमच्या कन्येकडे चित्र-संगीत आणि जगभरची पुराणं. आठवड्यातून दोनदा शाळा सुटल्यावर वर्गात बसून प्रॅक्टिस, कोच म्हणजे केमिस्ट्रीच्या बाई, त्या नुसत्या वाचतात. पण मुलांमध्ये सगळ्यात मानाचं काम म्हणजे स्वतः प्रश्न लिहिणं. एक टॉसअप लिहायला हिला अख्खी संध्याकाळ लागते, कारण पहिली ओळ शोधायला पाच ठिकाणी वाचावं लागतं, आणि ती ओळ दुसऱ्या कुठल्याच उत्तराला लागू पडता कामा नये. मला विचाराल तर सगळ्या प्रकारात खरं शिक्षण हेच.

आता दुसरी बाजू, कारण इथे सगळं गोडच आहे असं म्हणायला मी बसलेली नाही. याच्यातही पोपटपंची भरपूर आहे. ठरावीक माहिती इतक्या वेळा येते की मुलं पुस्तक न उघडता लेखक सांगतात, संगीत न ऐकता संगीतकार सांगतात, स्टॉक क्लू म्हणतात त्याला, आणि नवरा यावरून हिला फार चिडवतो. तो पुण्यात सीओईपी इंजिनिअरिंग कॉलेजातल्या बोट क्लब क्विझ क्लबच्या क्विझेसना जाऊन बसणारा माणूस, त्याच्या मते हे क्विझिंगच नाही. आपल्याकडच्या क्विझमध्ये प्रश्न असा काढतात की उत्तर कुणालाच पाठ नसतं पण दिलेल्या धाग्यांवरून टीमला खेचत खेचत पोचता येतं, वर्कआउट होणारा प्रश्न, आणि पोचल्यावर जो "आयला!" निघतो त्यासाठी माणूस रविवार घालवतो. इथे तुम्हाला माहीत असेल तर आहे, नसेल तर नाही. मुद्दा बरोबर आहे त्याचा. फक्त मी त्याला म्हणते की तुमचा तो सुंदर फंडा शाळेच्या पेपरपर्यंत कधी पोचला का? कॉलेजच्या ऑडिटोरियममध्येच राहिला.

आणि पाठ केलेलं वाया जातं असंही नाही. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये जॉर्ज सरा या फ्रेंच चित्रकाराचं ते रविवारचं मोठं चित्र आहे, ठिपक्यांचं, नदीकाठी माणसं बसलेली. हिने ते कधी बघितलं नव्हतं, पण कार्डावर "दोरी बांधलेलं माकड" हा क्लू घोटलेला. समोर गेल्यावर पहिला शब्द, "माकड!" उजवीकडे खाली त्या बाईच्या पायाशी बघून खूश. मग मागे सरकली, कारण चित्र दोन मीटर उंच आणि तीन मीटर रुंद आहे हे कार्डावर कुठे कळतं, मग परत जवळ जाऊन ठिपके बघितले, परत मागे. आम्ही कॉफी पिऊन आलो तरी तिथेच. माकड पाठ नसतं तर ती पुढच्या दालनात गेली असती असं माझं मत आहे, नवऱ्याचं वेगळं आहे, असू दे.

पैशाचंही बोलायला हवं. मे अखेरीस अटलांटाला नॅशनल्स असतात, तीनशेच्या आसपास टीम्स, हॉटेलच्या खोल्या-खोल्यांमध्ये मॅचेस, दहा मॅचेस खेळायच्या, त्यातल्या सहा जिंकल्या तर पुढे. विमान, हॉटेल, फी, सगळं धरून हे काम सुखवस्तू उपनगरांना जमतं. इलिनॉयच्या मक्याच्या पट्ट्यातल्या छोट्या गावांच्या शाळाही जिद्दीने खेळतात, राज्यापर्यंत जातात, पण अटलांटाला चेहरे बघितले की कळतं कोण परवडवू शकतं. आपली देशी मुलं तर जागोजागी, आणि प्रत्येकाच्या आईच्या डोक्यात कॉलेजचा अर्ज आहेच, माझ्याही आहे, कशाला खोटं बोलू. मुली मात्र कमी दिसतात, बऱ्याच टीम्समध्ये एक किंवा शून्य, आणि ती एक असेल तर बझर दाबायला दहादा विचार करते.

चोरीमारीचं म्हणाल तर तीही झालीय. कॉलेजच्या क्विझ बोलमध्ये, प्रश्न लिहून देणारे काही जण स्वतः खेळाडूही होते, आणि प्रश्न पुरवणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटची जी पानं त्यांनी बघायला नको होती ती बघत होते असं निघालं, २०१३ मध्ये हार्वर्डची चार विजेतेपदं काढून घेतली. ना नोकरी, ना सीट, ना पैसा, नुसत्या एका चषकासाठी. तेव्हा २०२४ च्या नीटच्या वेळी ग्रुपवर जे "आपल्या लोकांना नीतिमत्ताच नाही" असं चाललं होतं ते मला पटलं नव्हतं. हजारीबाग-पाटण्याला पेपर फुटला हे सुप्रीम कोर्टानेही मान्य केलं, तपास लातूरपर्यंत आला, सगळं खरं. पण वीस लाखांहून जास्त मुलं, वर्षातून एक दुपार, आणि त्या एका कागदावर डॉक्टर होणार की नाही ते ठरणार. हार्वर्डवाले चषकासाठी डोकावतात, तर इथे काय काय होईल याचा अंदाज कुणालाही यायला हवा. इथली मुलगी एक शनिवार हरली तर पिझ्झा खाऊन दोन आठवड्यांनी परत खेळते. माझ्या भाच्याने नीटचा एक वर्षाचा ड्रॉप घेतला तेव्हा घरात टीव्ही बंद होता, गणपतीला सुद्धा. त्याचं बायोलॉजी या सगळ्या क्विझ बोलवाल्यांपेक्षा पक्कं आहे, मी लावून देते. पण त्याने धड्याबाहेरचं काही विचारलं की क्लासमधून उत्तर यायचं, "हे येत नाही परीक्षेला, पुढे चला."

म्हणजे अमेरिका चांगली, आपण वाईट, असं नाहीये ते. अमेरिकेतल्या बहुतेक शाळांचे नेहमीचे पेपरही काही थोर नसतात, चार पर्यायांतला एक गोल काळा करा, एवढंच. क्विझ बोल हा शाळा सुटल्यावरचा उद्योग आहे, मूठभर मुलांचा. पण तो करायला लागतं काय? एक बझर सेट, तोही नसला तर टेबलावर हात आपटून चालतं, आणि प्रश्न लिहिणारी चार डोकी. ग्रुपवर आमच्यातले तिघं मास्तर आहेत, एक तर मुख्याध्यापक आहे, अरे बाबांनो निकालाच्या दिवशी भांडण्यापेक्षा स्कॉलरशिपच्या पोरांना घेऊन दहा प्रश्न लिहून तर बघा.

आम्ही इथे करून बघितलं, मंडळाच्या गणपतीत. दरवर्षी गाण्याच्या भेंड्या आणि "ओळखा पाहू" असायचं, यंदा पोरांनी मराठीत टॉसअप लिहिले, आयांकडून शुद्धलेखन तपासून घेऊन. एक कोयनेवर होता. पहिली ओळ, हिच्या खोऱ्यात जमिनीत तीन किलोमीटर खोल बोअर मारून अभ्यास चाललाय. मग राज्यातल्या बऱ्याच मोठ्या नद्यांसारखी ही आधी पूर्वेला जात नाही, बराच वेळ दक्षिणेला वाहते. मग वासोटा आणि शिवसागर, मग ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप, आणि शेवटी प्रीतिसंगम. पोरांचा हिशोब असा की काका-काकू लोक भूकंपाला दाबतील. कराडचे एक काका, वय सत्तरीच्या पुढे, "तीन किलोमीटर खोल" एवढ्यावरच टेबल बडवून "कोयना!" ओरडले, वर म्हणाले, हे काम बघणाऱ्या कराडच्या प्रयोगशाळेवरूनच आमचा रस्ता जातो. पोरं लगेच आपसात भांडायला लागली, ही ओळ फार सोपी झाली, सांगितलं होतं तुला, बदल. काका म्हणाले, बदलू नका, पॉवरचे पंधरा द्या आधी.